आधी लोकर, मग मेंढरू

घोंगड्यावर लाल चिठ्ठी मीच लावली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तीन महिने मी ज्याच्या-त्याच्यावर चिडत होते आणि चिडायला हवं होतं ते फक्त स्वतःवर.

लोणंदला स्टेशनच्या पलीकडे आमचं धार लावायचं शॉप आहे. चाकू-कात्र्यांना नव्हे, कारखान्यात लोखंडाला भोकं पाडणारी हत्यारं असतात, त्यांना. लोखंडाहून कठीण अशा कार्बाइडचं ड्रिल बोथट झालं की कारखाना ते टाकून देत नाही, आमच्याकडे पाठवतो. माझे वडील पीरमहंमद मशीनवर हिऱ्याची पूड बसवलेल्या चाकापुढे ते धरतात आणि त्याला नवी धार देतात. असं एक ड्रिल सहा-सात वेळा कामावर परत जातं. अब्बा आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. मी परवीन, त्यांची थोरली, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. धार सोडून शॉपमधलं बाकी सगळं मी बघते. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण मशीनपाशी उभं राहिलं की अब्बा मराठीच बोलतात. ते काम ते मराठीतच शिकले.

आमची सगळ्यात जास्त ड्रिलं ज्या कारखान्यातून येतात, तिथे रविराज नावाचा इंजिनिअर आहे. तो म्हणायचा, नव्या ड्रिलची पहिली धार दोनशे ऐंशी भोकं पाडते आणि चाचांची धार तीनशे. नव्यापेक्षा जुनं जास्त चालतं हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं तो हसत विचारायचा. अब्बांना विचारलं तर ते खांदे उडवायचे. मला मात्र त्याचा भारी गर्व होता, जणू काही त्यात माझाच हात होता.

श्रावणात त्या कारखान्याची माणसं आमचं शॉप बघायला येणार होती. मी साताऱ्याला दोन दिवसांचा कोर्स करून आले होते. कोर्सात शिकवलं होतं की ज्या वस्तूचं काम सांगता येत नाही, तिला लाल चिठ्ठी लावायची आणि शॉपबाहेर काढायची. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन सुटलेच. अब्बांच्या बाकाशेजारी खिळ्याला घोंगड्याचा एक तुकडा लटकत असे. हातभर लांब, तेलानं काळा पडलेला, इतका ताठ की खाली ठेवला तर उभा राहावा. अब्बा त्याला ड्रिल पुसायचे. हे कशासाठी, असं मी विचारलं. ते म्हणाले, पुसायला. पुसायला तर मी पांढऱ्या स्वच्छ फडक्यांचा डबा आणला होता. घोंगड्याला चिठ्ठी लागली. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या हरणाबाईला ते शेळीच्या करडाखाली अंथरायला हवं होतं, ती घेऊन गेली. पाहुणे आले, खूश होऊन गेले, आणि मी आठवडाभर नाक वर करून फिरले.

महिनाभर काहीच झालं नाही, कारण कारखान्यात आधीच धार लावलेली ड्रिलं शिल्लक होती. ती संपली आणि रविराजचा फोन आला. एका धारेत एकशे वीस भोकं होतात, कधी शंभर. धार झिजत नाही, झडते. बारीक टवके उडतात.

मी आधी त्याच्या मशीनला दोष दिला. मग ड्रिल थंड ठेवणाऱ्या त्याच्या कूलंटला, मग कार्बाइडला, मग लोखंडाच्या नव्या लॉटला. बिचाऱ्यानं एकेक तपासून दाखवलं. शेवटी शॉपमध्ये येऊन, चहा अर्धा टाकून, अब्बा बाहेर गेल्याचं पाहून तो हळूच म्हणाला की मॅडम, राग मानू नका, चाचांचं वय झालंय. पुण्याला संगणकावर चालणारं धारेचं मशीन आहे, वरचे साहेब काम तिकडे न्यायचं म्हणतायत. तुमच्यासाठी मी त्यांच्याकडून अजून एक लॉट मागून घेतलाय. दहा ड्रिलं द्या. अडीचशेच्या वर गेली तर मी कुणाचं ऐकणार नाही.

मी त्याला बरंच काही बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अब्बा बाहेर गेले नव्हते. दाराआड उभे होते. आत आले, डोळ्यावरचं भिंग काढून बाकावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून मशीनला हात लावेनासे झाले. शॉपबाहेर बाजेवर बसून राहायचे, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून. चार दिवसांनी मी भांडायलाच गेले की असं कसं चालेल. त्यांनी हात माझ्यापुढे धरले.

"यात काय न्हाई ऱ्हायलं, परवीन. हात गेला. मानसाला कळत न्हाई कवा जातो ते."

मला तेव्हा रडू आलं नाही, संताप आला. चाळीस वर्षं ज्या हातांनी लोखंडाला शहाणं केलं, ते हात असे रद्दीसारखे मांडीवर पडलेले मला बघवेनात. मी ठरवलं की हात गेला असेल तर गेल्याचा पुरावा मला दिसला पाहिजे.

मोबाईलला जोडायचा एक छोटा सूक्ष्मदर्शक मी मागवला. अब्बांनी अलीकडे धार लावलेलं ड्रिल त्याखाली धरलं. केसाएवढी धार पडद्यावर बोटाएवढी झाली. मी आजवर धार म्हणजे एक रेघ समजत होते. ती रेघ नव्हतीच, ती करवत होती. चाकानं घासल्याच्या चिरा थेट कडेपर्यंत आलेल्या, आणि कडेला बारीक-बारीक दात. पण सगळे दात सारखे, एका ओळीत, कोन बरोबर. हात थरथरल्याची एकही खूण नव्हती. मग चूक कुठे आहे?

खणात तळाशी एक जुनं ड्रिल सापडलं. श्रावणाआधी धार लावलेलं, पाठवायचं राहून गेलेलं. तेही सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. इथे दातच नव्हते. कडा मऊ, अगदी किंचित गोल, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेडाची एकच बारीक ओळ तिच्यावरून सरळ वाहत गेलेली. आमच्या गावच्या दर्ग्याची पहिली पायरी अशी आहे, किती पिढ्यांच्या पायांनी झिजून तिची कड गोलसर झालीय. पण पायरीला शेकडो वर्षं लागली. हे ड्रिल तर एकदाही वापरलेलं नव्हतं.

मी कितीतरी वेळ ती ओळ बघत बसले. डिप्लोमाला एका मास्तरांनी ओझरतं सांगितलेलं आठवलं: कमालीची तीक्ष्ण धार टिकत नाही, ती ठिसूळ असते. तिची अगदी वरची कड, केसाच्या निम्म्या जाडीहूनही कमी, मारून टाकली तर धार कितीतरी जास्त चालते. मोठ्या कंपन्या त्यासाठी वेगळी यंत्रं ठेवतात. आमच्याकडे तसलं यंत्र नाही. मग ही कड मारली कुणी?

अब्बांना धरून आत आणलं. म्हटलं, एक ड्रिल फक्त माझ्यासाठी करा, मी नुसती बघणार. ते नाराजीनं उभे राहिले. चाक सुरू झालं, ड्रिल पुढे गेलं, वळलं, मागे आलं. सगळं तेच, लहानपणापासून बघितलेलं. चाक थांबलं, आणि त्यांचा उजवा हात ड्रिलसकट बाजूच्या भिंतीकडे गेला. तिथे रिकामा खिळा होता. हात क्षणभर हवेत थांबला, मागे आला आणि फडक्याच्या डब्याकडे वळला. तीन महिने रोज तो हात असा जाऊन परत येत होता, आणि आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मी तशीच हरणाबाईच्या घरी पळाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी स्वतःच्या हातानं केलं होतं. घोंगडं सापडलं, करडू त्यावर झोपलं होतं. पण हरणाबाई टापटिपीची बाई. तिनं ते धुण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवून, कॅनॉलवर नेऊन दगडावर आपटून-आपटून धुतलं होतं. काळ्याचं करडं झालेलं, मऊ पडलेलं. मी आणून अब्बांच्या हातात दिलं. त्यांनी ड्रिल त्यावरून ओढलं, मी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. दात जसेच्या तसे होते.

"हे मी हरिबाकडनं शिकलो," अब्बा म्हणाले. "त्यालाच इचारावं लागंल."

हरिबा हे जत भागातले धनगर. माझे आजोबा जतच्या बाजारात मेंढ्या कातरायच्या कातरींना धार लावायचे, तेव्हापासूनची ओळख. अब्बा लोणंदला नोकरीला आले तेव्हा हरिबांनी ते घोंगडं त्यांच्या खांद्यावर टाकलं होतं. रविवारी आम्ही दोघं निघालो. कराड सोडलं, कडेगावपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता, मग तो विरळ होत गेला आणि जतच्या पुढे नुसती ज्वारीची रानं आणि पाण्याच्या टँकरची वाट बघणारी रिकामी पिंपं.

हरिबा ऐंशीच्या पुढचे, पण मेंढरू अजून स्वतः कातरतात. आम्ही पोचलो तेव्हा एक मेंढी पायांत धरूनच बसले होते. अब्बांना बघून हात वर केला, म्हणाले की बस, ही तेवढी मोकळी करतो. कातर दगडावर घासून झाली होती. त्यांनी तिची दोन्ही पाती खांद्यावरच्या घोंगड्यावरून एकेकदा, अगदी सावकाश ओढली, आणि मगच मेंढीला लावली. ती हललीसुद्धा नाही. लोकर सायीसारखी वेगळी होत गेली. भिंतीकडे जाणारा अब्बांचा हात आणि हा हात एकच होता.

हे का करता, मी विचारलं. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी म्हातारपण का येतं असं विचारलंय.

"ताजी धार शानी नसती, पोरी. जाईल तिथं शिरती, मेंढराचं कातडं फाडती, आन सोताबी मोडती. तिला आदी लोकर दावायची, मग मेंढरू."

मग आमचं घोंगडं त्यांना दाखवलं. त्यांनी ते बोटांत चुरलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. धुतलं का, असं विचारलं. मी मान खाली घातली. ते म्हणाले, धुतलेलं घोंगडं नुसतं पांघरायच्या कामाचं. त्याला चिंचोक्याची खळ असते, त्या खळीत वर्षानुवर्षं काय-काय धरून राहतं. त्यांच्या घोंगड्यानं रानातली माती खाल्लीय, मेंढराच्या अंगचं तूप खाल्लंय, म्हणून ते पात्याला वळण लावतं.

"तुमचं काय खाऊन हुतं, ते बगा."

मी बसल्या जागी ताठ झाले. आमचं घोंगडं काय खात होतं? अब्बांनी स्वतःचं शॉप काढल्यापासून पंचवीस वर्षं ते हिऱ्याच्या चाकापासून दोन हातांवर लटकत होतं. चाकाची उडणारी पूड, ड्रिलला चिकटलेली पूड, सगळी रोज त्याच खळीत जात होती. खिळ्याला लटकलेला तो काळा ताठ तुकडा म्हणजे हिरे जडवलेलं घोंगडं होतं. कंपन्या ज्यासाठी यंत्रं बसवतात, ते एका धनगराच्या सवयीनं आणि माझ्या बापाच्या पुसण्यानं आपोआप तयार झालं होतं, आणि ते करणाऱ्यालाही त्याचा पत्ता नव्हता. आणि हरणाबाईनं पंचवीस वर्षांचे हिरे कॅनॉलला सोडून दिले होते. मला हसावं की रडावं कळेना. मी हरिबांच्या पाया पडले. ते म्हणाले की येडी हाय व्हय रं तुजी लेक, आणि ट्रंकेतलं कोरं, खळीनं ताठ घोंगडं काढून त्याचा हातभर तुकडा कातरून दिला.

लोणंदला आल्यावर मशीनखालच्या ट्रेमधला हिऱ्याच्या पुडीचा गाळ काढला, तेलात कालवला आणि तो तुकडा दोन दिवस चोळला. मग अब्बांनी ड्रिल ओढलं. पडद्यावर ती उजेडाची ओळ परत आली. मी शॉपमध्ये एकटी टाळ्या वाजवत होते. अब्बा पडद्याकडे बघत होते. आयुष्यभर आपण काय केलं ते त्यांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं, अगदी जपून, जणू पडद्याला दुखेल. सुभानल्ला म्हणाले, फार हळू. आणि मग त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजी हात न्हवताच," ते म्हणाले. "घोंगडंच हुतं सगळं. मी नुसता पुसत हुतो."

मला वाटलं होतं ते सुटतील, आणि मी त्यांना आणखी खोल ढकललं होतं. मी कितीही समजावलं तरी ते मान हलवत राहिले. शेवटी त्यांनीच तोड काढली. दहा ड्रिलांना धार ते लावतील. मग त्यातली पाच ते घोंगड्यावरून ओढतील आणि पाच मी. माझ्या ड्रिलांच्या दांड्यावर ठिपका करायचा. रविराजला काही सांगायचं नाही. सगळी सारखीच चालली तर हात बाजेवर बसवायचा, त्याचं दुःख करायचं नाही.

मला हे मुळीच पटलं नाही. ड्रिलं एकाच लॉटची, धार एकाच माणसाची, घोंगडं एकच. फरक पडेल कसा? मी त्यांच्या ओढण्याकडे नीट बघून घेतलं. दोन्ही कडा, एकेकदा, तेवढ्याच वेगानं. मग माझी पाच केली. सूक्ष्मदर्शकाखाली दहाही बघितली. मला सगळ्यांत उजेडाची तीच ओळ दिसली. मुद्दाम वाईट ओढावं असंही एकदा मनात येऊन गेलं. पण ते अब्बांच्या लगेच लक्षात आलं असतं, आणि खोट्या उत्तराचा त्यांना काय उपयोग होता?

दोन दिवस मी फोनकडे बघत काढले. अब्बा बाजेवर होते. तिसऱ्या दिवशी दुपारी रविराजनं यादी पाठवली, मागोमाग फोनही केला. तो गोंधळून गेला होता. मॅडम, ठिपक्याची पाच ड्रिलं दोनशेच्या आत गेली, एक तर दीडशेतच झडलं. आणि बिनठिपक्याची पाचही तीनशेच्या पुढे. एकानं तीनशे बेचाळीस भोकं पाडली, तेही झडलं नाही, नुसतं झिजलं, आम्ही कंटाळून काढलं. हे काय आहे? पुण्याचं राहू दे, पण हे आहे काय?

मी त्याला सांगितलं की ठिपक्याची माझी होती. एवढ्या सपशेल हरण्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झालेला नाही. आणि आनंदाहून मोठं काहीतरी आत दाटून आलं होतं. जे सूक्ष्मदर्शकाला दिसलं नाही, मला दिसलं नाही, ते लोखंडाला कळलं होतं. त्या पाच ड्रिलांच्या कडेवर चाळीस वर्षं होती आणि लोखंडानं ती बरोबर ओळखली.

मी बाजेपाशी गेले आणि आकडे वाचून दाखवले. अब्बांनी दोनदा वाचायला लावले. मग बराच वेळ ते आपल्या हातांकडे बघत राहिले, उलटे करून, सुलटे करून. मी काहीतरी मोठं ऐकायच्या तयारीनं उभी होते.

"लय दाबतीस तू," ते म्हणाले.

मग उठले आणि आत गेले. डोळ्यावर भिंग चढवलं, एका ड्रिलला धार दिली, ते माझ्या हातात ठेवलं आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला. मला वाटलं होतं ते जोर देतील. त्या हाताला वजनच नव्हतं. माझा हात मात्र दगड होऊन घोंगड्यावर टेकला होता, तो त्यांनी उचलला, आणखी थोडा, आणखी थोडा, इतका की ड्रिल लोकरीला लागतंय की नाही हे मला कळेना. ते एकदा ओढलं गेलं. आवाजही आला नाही.

"आता कळलं?" त्यांनी विचारलं.

नाही, मी म्हटलं. खरंच कळलं नव्हतं. ते म्हणाले, मग परत. आणि त्यांचा हात तसाच माझ्या हातावर राहिला.